रुखमाबाईची झडती

मी भोंगा बोलतोय. हळू बोलणं मला जमत नाही, तेव्हा जरा लांबूनच ऐका.

कारखाना आठवत नाही. शहाणा झालो तो धामणगाव बढ्यात, माईकवाल्या मोतीरामच्या हाती. महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावात वीज नव्हती, मी बॅटरीवर वाजायचो. माणसाच्या हाती माईक आला की तो आधी फुंकतो. त्या फुंकेवरूनच मी त्याची हिंमत ओळखतो.

मोतीराम मला किसनरावच्या ओसरीत ठेवायचा. पोळ्याला तो मला तोरणाशी मांडायचा. तोरणाखाली बैल उभे राहत आणि गडी माझ्यातून झडत्या म्हणत. एकानं टोमण्याच्या दोन ओळी जुळवून फेकायच्या, दुसऱ्यानं तिथंच उत्तर द्यायचं. जिंकेल त्याची जोडी तोरणातून पहिली. दरवर्षी किसनरावच जिंकायचा. त्या झडत्या त्याची बायको रुखमाबाई दळता दळता रचायची, तो नुसता पाठ करायचा.

"एकडाव तरी माह्यं नाव घ्या ना," ती म्हणायची.

"बायकोनं केली म्हटलं तं बैलही हसतीन," तो म्हणायचा.

एका वर्षी समोरच्या जोडीवाल्या उकंडरावनं नवीनच फेकली:

"किसनरावच्या बैलावर झूल कोरी कोरी,
खाली पाह्यलं तं दिसते बरगड्याची दोरी."

किसनरावनं पाठ केलेली म्हटली. ती निघाली कांद्यावरची. तोरणाखाली हशा पिकला.

बैल ओवाळायला आलेली रुखमाबाई कडेनं म्हणाली, "उत्तर आहे माह्याजवळ."

"बाईची झडती धरत नसतात," उकंडराव म्हणाला.

"काऊन? बैलाले चारा तं बाईचा चालते."

मोतीराम माईक घेऊन तिच्याकडे निघाला. वायर पुरेना. मग त्यानं बॅटरीसकट मलाच उचललं. रुखमाबाईनं आरतीचं ताट किसनरावच्या हाती दिलं. तिनं माईक फुंकला नाही.

"बरगडी दिसते बैलाची, राबते तो रानी;
उकंडभाऊ, तुमचा बैल सावलीत पेते पानी."

हर हर महादेवाच्या गजरात माझा पत्रा थरथरला. उकंडरावनं स्वतःची जोडी मागं घेतली. ताट सांभाळत किसनराव पुटपुटला, "सांग आता काय सांगाचं ते."

"जोडी किसनरावची," ती माझ्यातून म्हणाली, "झडती रुखमाबाईची."

वडनेर भोलजी गावचे गडी पुढच्या पोळ्याला तिला ऐकायला आले.

आज मी मोतीरामच्या माळ्यावर आहे. गंजलोय, पोटात चिमणीनं घर केलंय. तरी सांगून ठेवतो: कडेला उभं राहून कोणी बोलू लागलं, तर वायर पुरत नाही म्हणू नका. भोंगा उचला.