भीमाबाईंची चादर, पुढून आणि मागून

मित्रांनो, जबलपूरजवळच्या रांझीच्या कारखान्याच्या वसाहतीत जयाबाईंच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यात तळाशी एक पिवळसर घडी आहे. ती मी. एक जुनी चादर. मला उलगडू नका, जागोजागी विरले आहे. अशीच घडीत राहून सांगते.

माझा जन्म नागपूरकडच्या एका हातमागावर झाला. भीमाबाईंचे वडील मला विणताना गुणगुणत, ‘उभा धागा बापाचा, आडवा धागा लेकीचा.’ लेक लग्न होऊन लांब जबलपूरला चालली होती, म्हणून त्यांनी मला जाड विणली. टिकावी म्हणून. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्यं वेगळी झाली आणि बापाचं घर एका राज्यात, लेकीचं दुसऱ्या राज्यात गेलं. माझे उभे-आडवे धागे मात्र एकमेकांना धरूनच राहिले.

भीमाबाई मला रोजच्या वापरात काढत नसत. वैशाखी पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, माझी घडी मोडायची. सकाळी वंदनेच्या मेजावर मी असायची. संध्याकाळी दोन कडुनिंबांमध्ये दोरी बांधून मला टांगायचे आणि कारखान्याच्या क्लबातले श्यामसुंदरजी सिनेमाचं यंत्र घेऊन यायचे. अंधार पडला की यंत्र घरघरायचं आणि माझ्या अंगावर उजेडाच्या मुंग्या धावायला लागायच्या.

आता माझी गंमत ऐका. चित्र माझ्यावर पडायचं, पण मला ते कधीच दिसलं नाही! स्वतःची पाठ कोणाला दिसते का? मला दिसायचे फक्त चेहरे. सगळे एकदम हसले की मी विचारात पडायची, आता माझ्यावर काय बरं घडलं असेल?

मुलांच्या बडबडीतून मी गोष्ट जुळवली. दरसाल तेच एक विलायती चित्र, त्यात बोलणं नव्हतं, नुसती वाजंत्री. एक लोभी मांजर असते. घरचं दूध तिला पुरत नाही. गाईचं सगळं दूध मिळावं म्हणून ती वासराचं सोंग घेते, गळ्यात घंटा बांधून गोठ्यात शिरते. गाय तिला इतकी चाटते, इतकी चाटते, की मांजरीचा जीव मेटाकुटीला येतो. शेवटी ती पळते, पण घंटा काही सुटत नाही. मग तिची चाहूल सगळ्या उंदरांना लागते.

सोंग घेतलं की माणूस कसा दिसतो, हे मला फार पाहायचं होतं. तो योग आला, आणि असा आला की काय सांगू!

त्या वर्षी भीमाबाईंच्या घरात नवी सून आली होती. हीच जया. सिहोऱ्याची. तिने हलतं चित्र कधी पाहिलंच नव्हतं. मला दोरीवर टाकता टाकता तिने सासूला विचारलं, “आत्याबाई, ते मांजर दिसते तरी कसं?”

“मले काय माहीत वो, माय?” भीमाबाई म्हणाल्या.

“काहून? दरसाल तर पाहता ना तुम्ही!”

“समोर पुरुष बसतात. सासरे, जेठ, सगळे. आपण बाया चादरीमागून पाहतो. जाड आहे ना चादर, नुसता धूर दिसते. समोरचे हसले का आपणही हसून घ्यायचं.”

जयाचा हात थांबला. “मी नाही हसणार उसनं. मले मांजर पाहायचं आहे.”

ते ऐकून मला कसंनुसं झालं. खरं होतं. मी मागच्या बाजूचे चेहरेही पाहत आले होते. तिकडचं हसू नेहमी जरा उशिरा यायचं. बापाने माया म्हणून दिलेला जाडपणाच बायांच्या आड येत होता, आणि मला स्वतःला पातळ करता येत नव्हतं.

तेवढ्यात अंगणात खीरदान सुरू झालं. भीमाबाईंचे यजमान डोमाजी म्हणजे घणावर काम करणारा धिप्पाड गडी, आणि खिरीचा मोठा भोक्ता. पुरुषांच्या पंगतीत त्यांनी द्रोणामागून द्रोण रिचवले. वाढणारे लक्ष्मणराव शेवटी म्हणाले, “बस करा, डोमाजीभाऊ. आता बायांची पंगत.”

डोमाजी हिरमुसून कडुनिंबाखाली आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सर्रकन मला दोरीवरून ओढलं! कमरेला गुंडाळलं, डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर घेतला आणि बायांच्या पंगतीत टोकाला जाऊन बसले. त्या दिवशी सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यांतच असतात, त्यामुळे वेगळं कोणाला वाटेना. माझ्या आत मिशा फुरफुरत होत्या. मी मनात म्हटलं, ‘अरेच्चा, मांजर असं असतं होय!’

“घ्या वहिनी,” म्हणत लक्ष्मणरावांनी अदबीनं वाढलं. द्रोण रिकामा. पुन्हा वाढलं. पुन्हा रिकामा.

पलीकडून भीमाबाई पाहून राहिल्या होत्या. नवऱ्याचा हात बायको ओळखणार नाही का? पण त्यांनी ओळख दाखवली नाही. गोड आवाजात म्हणाल्या, “पाहुण्या बाई नव्या दिसतात. कोणाच्या घरच्या वो तुम्ही? उखाणा घ्या बरं. त्याशिवाय खीर नाही.”

“घ्या! घ्या!” साऱ्या बाया ओरडल्या.

डोमाजींना घाम फुटला. मी तो टिपला. त्यांना जन्मात एकच उखाणा येत होता, स्वतःच्या लग्नातला. बारीक आवाज काढून घाईघाईत तोच म्हणून टाकला,

“वरातीच्या वाटेवर फुलला पळस,
भीमाबाईचं नाव घेतो, माझ्या घराचा कळस!”

मग जो हशा उसळला! भीमाबाई लाजून लाल झाल्या. इतक्या वर्षांत तो उखाणा त्यांनी दुसऱ्यांदा ऐकला होता. डोमाजी पळायला उठले, माझ्यावरच पाय पडला, आणि ते धाडकन खिरीच्या गंजावर, त्या मोठ्या पातेल्यावर आदळले. उरलीसुरली खीर सगळी माझ्या अंगावर.

हसता हसता जयाचं तोंड एकदम उतरलं. “आता चित्र?”

श्यामसुंदरजी यंत्राला तेल देत होते. म्हणाले, “भाभी, रील तो सुबह लौटानी है. दुसरी पांढरी चादर बघा.”

दुसरी होती कुठे? सगळ्यांकडच्या फुलाफुलांच्या. लुगड्याचा पन्हा पुरेना. भिंती विटांच्या, लाल. जया नुसती दोरीकडे पाहत उभी राहिली. भीमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“उठा,” त्या म्हणाल्या. “नळावर चला. जिनं सोंग दिलं, तिले धुवा.”

डोमाजींनी मला धुतलं. खाली मान घालून, दाबून दाबून, पांढरीशुभ्र होईस्तोवर. वाळायला वेळ नव्हता. तशीच निथळती मला टांगली. माझ्या ओझ्यानं दोरी खाली आली, तेव्हा डोमाजी दोन्ही हात वर करून मला तोलून धरत माझ्या काठाशी उभे राहिले.

“गीली चादर पे?” श्यामसुंदरजी पुटपुटले. “चलो, देखते हैं.”

यंत्र घरघरलं. आणि मित्रांनो, पाण्यानं माझे धागे उजळले. उजेड माझ्यावर अडला नाही, आरपार गेला. मागच्या बायांचे चेहरे असे लख्ख मी कधी पाहिले नव्हते.

“आत्याबाई!” जया किंचाळली. “वासरू नाही वो ते! मिशा पाहा, मिशा! मांजरच आहे!”

आणि मागची बाजू हसली. समोरची हसण्याच्या आधी! भीमाबाई तर पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. समोरचे पुरुष माना वळवून वळवून पाहू लागले की मागे चाललंय तरी काय. डोमाजींना काठाशी काही दिसत नव्हतं. ते मला हळूच म्हणाले, “काय झालं वो?” मला काय ठाऊक! आम्ही दोघं आपले हसणाऱ्यांकडे पाहत राहिलो.

पुढे दरसाल टांगण्याआधी मला भिजवण्याची रीत पडली. मग घरोघरी टीव्ही आले, श्यामसुंदरजींचं यंत्र थांबलं आणि मी पेटीत गेले. भीमाबाई गेल्या, डोमाजी गेले. माझी तक्रार नाही. पण वर्षातून एकदा मला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि तुम्ही कधी पडदा टांगलात, नाटक मांडलंत, चित्र लावलंत, तर सुरू करण्याआधी एकदा उठून मागच्या ओळीत जाऊन बसा. तिथून दिसतं का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दिसत नसेल तर थोडं थांबा, आणि बादलीभर पाणी आणा.