चौथ्या पायाखालचा कागद

मी एक लाकडी स्टूल बोलतोय. चार पायांचं, पाठ नसलेलं. खुर्ची असली की लोक "या, बसा" म्हणून अदबीनं पुढे करतात. मला मात्र पायानंच सरकवतात. तक्रार नाही. खरं सांगायचं तर तक्रार करण्याइतकंही त्राण आता उरलेलं नाही.

माझा जन्म घाईत झाला, कारण सुताराला घरी परतायचं होतं. दारं-खिडक्या करून उरलेल्या लाकडातून त्यानं मला ठोकलं आणि माझा चौथा पाय नखभर तोकडा राहिला. त्यानं मला जमिनीवर ठेवून हलवून पाहिलं, मी डुगडुगलो. "चालतंय," तो म्हणाला आणि दिवा मालवून गेला. जगातले निम्मे घोळ या एका शब्दानं होतात, हे मला पुढे कळलं.

तिथून मी आलो एका कारखान्यात. गॅसच्या सिलिंडरवर बसवायचे रेग्युलेटर तिथे बनत. मला तपासणीच्या खोलीत पाण्याच्या टाकीपाशी ठेवलं. रेग्युलेटरमध्ये हवा भरायची, तो पाण्यात धरायचा आणि दहापर्यंत मोजायचं. बुडबुडा आला तर तो गळका, नाही आला तर पास. हे काम करणारा तपासनीस माझ्यावर बसायचा. तोच माझा धनी.

पहिल्याच दिवशी त्यानं मला हलवून पाहिलं आणि हसला. "आमच्या प्रभूनंही सुतारकाम केलंय बरं का. त्यानं असा पाय सोडला नसता." मग पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून त्यानं माझ्या पायाखाली सारला. आयुष्यात पहिल्यांदा मी नीट उभा राहिलो.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो माझ्यावर हात टेकून, मान खाली घालून क्षणभर उभा राहायचा. दुपारी डबा उघडला की पुन्हा डोळे मिटायचा. म्हणून सगळे त्याला पाद्री म्हणत. पॅकिंगमधला भोंगा तर टपूनच बसलेला असे. त्याचा आवाज कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोठा, म्हणून हे नाव. पाद्रीनं डोळे मिटले की भोंग्याचा हात त्याच्या डब्यात! आमेन होईपर्यंत निम्मी भाजी गायब.

"देवाचे आभार मानतोस ना? मग मलाही वाटा नको का?" तो वर विचारायचा.

"खा बाबा. अंगी लागू दे," पाद्री म्हणायचा.

महिनाअखेर आली की सुपरवायझर साहेब फेऱ्या मारू लागत. माल अडलाय, दहाऐवजी तीन मोजा, निम्मी खोकी न बघताच सोडा. पाद्रीचं उत्तर ठरलेलं असे. "साहेब, मोजल्याशिवाय सही नाही." तो आवाज चढवत नसे, भाषणही देत नसे. पण त्याच्या हाताखाली शिकलेले दोघे पुढे गेले, डोक्यावर पंखा असलेल्या केबिनमध्ये बसू लागले, आणि हा वीस वर्षं टाकीपाशीच राहिला. पाण्यात राहून त्याच्या बोटांची कातडी कायम सुरकुतलेली असे.

माणूस एका दिवसात ढासळत नाही हो. मी तर त्याच्या बुडाखालीच होतो, मला सगळं कळत होतं. आधी दहाचे आठ झाले, मग आठाचे पाच. सकाळी हात टेकायचा तो नुसताच स्पर्श करून जाऊ लागला. दुपारी डोळे अर्धेच मिटायचे. मग डब्याचं झाकण काढता काढता तो पुटपुटायचा आणि मग तेही बंद झालं. कुणी बंदी घातली नव्हती. तो दमला होता, एवढंच. भोंग्यानंही डब्यात हात घालणं सोडलं. उघड्या डोळ्यांच्या माणसाचं चोरण्यात काय मजा? पण तो अधूनमधून पाद्रीकडे बघत राहायचा.

एके दिवशी संध्याकाळी साहेब दाखल्याचा कागद घेऊन आले. सगळा माल तपासला, असं त्यावर छापलेलं होतं. चार खोकी अजून कोपऱ्यात तशीच होती.

"इतकी वर्षं तपासताय. हल्ली एक तरी गळका निघतो का? उद्या दुपारी ट्रक लागणार आहे. करा सही, घरी जा. चेहरा बघा तुमचा."

पाद्रीनं खोक्यांकडे पाहिलं, भिजलेल्या बाह्यांकडे पाहिलं आणि सही केली. मला वाटलं, आता हा सैल होऊन बसेल. पण तो माझ्यावर असा अवघडून बसला की जणू कुणी येऊन त्याला उठवणारच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा डब्याशिवाय आला. आवाज पार बसला होता.

"बायकोला दवाखान्यात ठेवलंय रे. उद्या ऑपरेशन. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत." तो जमिनीवरच बसला. "तू ते डोळे मिटायचास ना, ते आज मिट की. तिच्यासाठी."

"तू तर थट्टा करायचास."

"करायचो. पण तेव्हा तू थांबला नाहीस कधी. म्हणून वाटायचं, काहीतरी असेल त्यात. हल्ली का सोडलंस?"

पाद्रीनं मान खाली घातली, तोंड उघडलं, पण शब्द येईना. भोंगा हात जोडून वाट बघत होता. पाद्री उठला. "थांब जरा. आधी एक काम राहिलंय."

थोड्या वेळानं तो परतला तेव्हा कालचा कागद त्याच्या हातात होता आणि साहेब मागोमाग ओरडत येत होते. "ट्रक दारात उभा आहे! अक्कल गहाण टाकलीत का?"

"मी खोटी सही केली होती साहेब. ती मी खोडतोय." त्यानं सहीवर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी गेली. शूरवीर वगैरे काही दिसत नव्हता तो. "चार खोकी तपासून दुसरा दाखला देतो."

ट्रक रिकामा गेला. तो एकेक रेग्युलेटर पाण्यात धरत होता, मोठ्यानं दहापर्यंत मोजत होता आणि भोंगा मुकाट्यानं पुढचा हातात देत होता. मी जीव मुठीत धरून टाकीकडे बघत होतो. मला वाटत होतं, एक तरी गळका निघावा म्हणजे या बिचाऱ्याची लाज राहील. चारही खोकी संपली. एक बुडबुडा आला नाही.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," पाद्री म्हणाला.

सगळे गेल्यावर तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला, माझ्यावर कोपरं टेकली. भिजलेल्या बाह्यांचं पाणी माझ्या लाकडात मुरत होतं. आधी त्यानं त्या सहीची माफी मागितली. मग म्हणाला, "प्रभू, मी फार थकलोय." आणि मग भोंग्याच्या बायकोचं, त्याच्या वहिनीचं, नाव घेऊन खूप वेळ बोलला. भोंगा शेजारी मान खाली घालून बसला होता.

त्याच आठवड्यात पाद्रीची बदली गेटवर झाली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, बस्स. जाताना त्यानं मला खांद्यावर टाकलं. अडगळच होतो, कुणी अडवलं नाही. पुठ्ठा मागे राहिला आणि गेटवरच्या खोलीत मी पुन्हा डुगडुगू लागलो. तेव्हा त्यानं खिशातून तो खोडलेला कागद काढला, घडीवर घडी घातली आणि माझ्या पायाखाली सारला. "माझी लाज तुझ्या तरी कामी येऊ दे," म्हणाला.

वहिनी गेल्या. ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी. कामावर परतल्यावर भोंगा दुपारी गेटवर आला. स्वतःच्या हातानं केलेला, एका बाजूनं करपलेला स्वयंपाक डब्यात होता. त्यानं झाकण काढलं आणि तसाच बसून राहिला.

"तुझ्या देवानं ऐकलं नाही."

"मलाही कळत नाही रे का ते," पाद्री म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सांत्वनाचं एकही वाक्य त्यानं काढलं नाही.

भोंग्यानं डबा दोघांच्या मध्ये सरकवला. मग म्हणाला, "मिट डोळे. भूक लागलीय."

तेव्हापासून तो रोज येतो. या महिनाअखेरीस पाद्री निवृत्त होतोय. गुडघे गेलेत, माझ्यावरून उठताना कण्हतो. परवा तर इतका दमला होता की त्यानं थेट घासच उचलला. भोंग्यानं त्याचं मनगट धरलं. "पाद्री, आधी ते." पाद्री ओशाळला, हसला आणि त्यानं डोळे मिटले. भाजीला कुणी हात लावला नाही.

माझंही आता भरत आलंय. सांधे सैल झालेत, एका पायाला वाळवी लागलीय. पाद्री गेल्यावर माझ्यावर कोण बसेल ठाऊक नाही. जो कुणी बसेल त्याला हात जोडून एकच सांगणं आहे. मला खुशाल पायानं सरकवा, रंगाच्या डब्यांखाली ठेवा, पण चौथ्या पायाखालचा तो मळका कागद तेवढा काढू नका. काढलात तर मी पुन्हा डुगडुगेन. तुम्ही मला हलवून बघाल आणि म्हणाल, "चालतंय."