पहिला डाव बाबांचा

माझा धाकटा भाऊ गाढव आहे. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. राग आला होता तो गेला, मत तेवढं राहिलं.

त्यातून शिकलेला गाढव, म्हणजे आणखीच वाईट. वीज खात्याच्या कचेरीत नकाशे काढतो आणि घरी आला की हॉलमधल्या काळ्या पेटीसमोर जाऊन बसतो. पेटी म्हणजे कॉम्प्युटर, आणि तो चालवायला त्यात म्हणे लिनक्स आहे. तुमच्या-माझ्याकडे असतं ते विकतचं, म्हणून आपण गुलाम. याचं ते मुक्त. "फुकट नव्हे ताई, मुक्त!" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथेही लोक रोज एकच रडगाणं गातात, पण त्यांची निदान दाढ तरी दुखत असते.

या वयात, मिशा पिकल्यावर, हे महाशय स्वतःला गेमर म्हणवतात. म्हणेनात का! कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला शर्यतीचा. मी जाते तेव्हा मात्र पेटीचं झाकण उघडं असतं आणि हा पेचकस दातात धरून आत बघत असतो.

त्याची मुलगी गेम तयार करते. आम्ही तिला खारू म्हणतो. लहानपणी मिळेल ते स्क्रू-नट गालात भरून फिरायची, म्हणून. नोकरी दुसऱ्या गावी, आणि नोकरी सांभाळून तीन वर्षं ती एका मैत्रिणीबरोबर स्वतःचा गेम करत होती. सोमवारी तो विक्रीला जाणार होता. ती मैत्रीण सोडली तर तोपर्यंत तो कुणी पाहिला नव्हता. आईलाही दाखवला नव्हता तिने. विचारलं की म्हणायची, "पहिला डाव बाबांचा." त्यासाठी ती रविवारी सकाळी येणार होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती. मला मुद्दाम बोलावलं होतं. मी नवी साडी नेसून गेले, माझंच लग्न असल्यासारखी.

दार भावजयीने उघडलं. तिचा चेहरा बघूनच मी विचारलं, "काय केलं त्याने?"

"तुम्हीच बघा ताई," ती म्हणाली आणि आत निघून गेली. तिने या माणसाशी वाद घालणं केव्हाच सोडलंय. शहाणी आहे.

हॉलमध्ये खारू प्रवासाची पिशवी खांद्यालाच ठेवून उभी होती. तिचा बाप पेटीसमोर. पडदा काळाकुट्ट, वर डाव्या बाजूला एक बारीकशी रेघ लुकलुकत होती.

"काही नाही गं ताई," मी न विचारताच तो म्हणाला. "ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला."

ड्रायव्हर म्हणजे काय ते मला खारूने सांगितलं. पेटीत चित्रं काढणारं एक कार्ड असतं. ते आणि बाकीचा कॉम्प्युटर यांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. तो ड्रायव्हर. याने सकाळी उठून जुना दुभाष्या हाकलला आणि नवा आणून बसवला, आणि नव्याचं कुणाशीच जमेना.

"काल चालत होतं?" मी विचारलं.

"काल उत्तम चालत होतं."

"मग हात कशाला लावलास?"

"अगं, नवीन आला होता!"

नवीन आला होता! उद्या रस्त्यावर नवीन खड्डा पडला तर हा आधी त्यात उडी मारून बघेल. आणि वर मलाच समजावतो, "खारूच्या गेमसाठीच केला. नवीन ड्रायव्हरवर चित्र जास्त छान दिसतं." पोरीसाठी केलं म्हटल्यावर तिने बोलायचं तरी काय?

खारूने पिशवीतून लॅपटॉप काढला. "बाबा, यावर बघ ना. अर्धा तास लागेल फक्त."

"त्यावर? त्या विकतच्या डबड्यावर?" त्याने असं तोंड केलं की जणू पोरीने शिळी भाजी पुढे केली. "छे! तुझी तीन वर्षांची मेहनत, तिचा काही मान आहे की नाही? मोठ्या पडद्यावर, पूर्ण ताकदीत बघणार मी. पाच मिनिटं थांब."

हे त्याने प्रेमाने म्हटलं, हो. त्याचं प्रेम खोटं नाही. खोटं असतं तर दोन थोबाडीत देऊन मोकळी झाले असते.

पाच मिनिटांची दुपार झाली. पेटी हजारदा बंद झाली आणि हजारदा सुरू झाली. मग महाशयांनी फोन काढून त्यांच्या मंडळाला विचारलं. म्हणजे इंटरनेटवर याच्यासारखेच एकत्र जमतात आणि एकमेकांच्या पेट्यांचे आजार चघळतात, ते. खारू मला उत्तरं वाचून दाखवत होती. एकाने लिहिलं, माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय. दुसऱ्याने लिहिलं, अपडेट करण्याआधी सूचना वाचायची पद्धत असते. तिसऱ्याने लिहिलं, तुझं कार्डच चुकीच्या कंपनीचं आहे, दुसरं घे. चौथ्याने लिनक्सच चुकीचं घेतलं म्हणून झाडलं. लिनक्सातही जाती-पोटजाती असतात म्हणे, आणि रोटी-बेटी व्यवहार बंद! मग ते चौघे आपापसात भांडायला लागले आणि माझा भाऊ मूळ प्रश्न विसरून त्या भांडणात पडला.

"अरे, मुलगी बसलीय," मी म्हटलं.

"हो गं, हे एवढं लिहितो. त्याला काही कळत नाही, उगाच अक्कल पाजळतोय."

जेवायला उठला नाही. भावजयीने ताट तिथे नेऊन ठेवलं, ते त्याने न बघता खाल्लं. तिने त्याला नुसता भात वाढला असता तरी त्याला पत्ता लागला नसता.

जेवण उरकून आम्ही भांडी आवरत होतो, तेवढ्यात हॉलमधून आरोळी आली, "आलं! आलं! सगळे या!"

आम्ही धावलो. भावजय हात ओले तसेच घेऊन आली. खारू तर सगळ्यांत पुढे. पडद्यावर तीन दातेरी चाकं एकमेकांत अडकून गरगर फिरत होती, एक लाल, एक हिरवं, एक निळं.

"हा तुझा गेम?" मी खारूला विचारलं.

"नाही गं आत्या. ही चाचणी असते."

"बघा कशी फिरतायत!" गाढव अभिमानाने म्हणालं. आम्ही तीन बायका उभ्या राहून चाकं बघितली. मग त्याने खारूचा गेम लावला, आणि पडदा पुन्हा काळा. भावजय भांड्यांकडे परत गेली.

"बाबा, लॅपटॉपवर..."

"जवळ आलोय गं! आता सोडून कसं चालेल?"

मी खारूला स्वयंपाकघरात घेऊन आले. ती स्टुलावर बसली, लॅपटॉप मांडीवर, त्यावर दोन्ही हात. मी म्हटलं, "अगं, दाखव तरी आम्हाला. तो बसू दे तिकडे."

"नाही आत्या. उद्यापासून तो सगळ्यांचाच होणार आहे. त्याआधी एकदा त्याने बघायला हवा. त्याचाच आहे तो."

"त्याचा कसा?"

तिने थोडा विचार केला. "फक्त एक चित्र दाखवते. खेळायला देणार नाही."

लॅपटॉप उघडला. चित्रात एक टेबल, टेबलाखालून बाहेर आलेले दोन हात, आणि समोर उकिडवी बसलेली छोटी मुलगी, स्क्रूच्या डब्यात शोधणारी. माणूस दिसतच नाही. हात फक्त. ते म्हणतात, चार नंबरचा पाना दे, की मुलीने तो शोधून द्यायचा. असे दोघे मिळून घरोघरचे पंखे, रेडिओ, दारावरच्या घंटा दुरुस्त करत जातात. तोच गेम.

मी उजव्या हाताचा अंगठा बघितला. बाहेर वळलेला, नख मधोमध चिरलेलं. लहानपणी हातोडी मारून घेतली होती त्याने, आणि त्याला दवाखान्यात मीच नेलं होतं, पाठुंगळी घेऊन. काळी पेटी घरात यायच्या आधी हा माणूस अख्ख्या गल्लीचे पंखे दुरुस्त करायचा आणि ही पोर त्याच्या शेजारी फतकल मारून बसायची. तेव्हा तो दर दोन मिनिटांनी टेबलाखालून डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघून भुवया उडवायचा. मला ते सगळं आठवलं आणि मी चक्क रडायला लागले. भावजयीने एकदाच वाकून चित्र बघितलं आणि नळ उगाचच मोठा सोडला.

"ओळखेल ना तो?" खारूने विचारलं.

"न ओळखायला आंधळा आहे का?" मी म्हटलं. "स्वतःचा अंगठा आहे मेल्याचा!"

तिचा चेहरा फुलला. मोठमोठ्या लोकांनी गेमची वाहवा केली असती तरी ती अशी फुलली नसती. आपल्या बापाने आपल्याला ओळखावं एवढंच पोरीला हवं होतं. तीन वर्षं तिने त्यासाठी डोळे फोडले होते.

तिची गाडीची वेळ जवळ आली तेव्हा त्या माणसाला साक्षात्कार झाला. नवा ड्रायव्हर काढून त्याने जुना परत बसवला.

"म्हणजे काल होता तोच?" मी विचारलं.

"तोच. फार स्थिर आहे तो."

"म्हणजे दिवसभर राबून तू काल होतास तिथेच आलास."

"तसं नाही ताई, आता मला कारण कळलंय." असं म्हणून त्याने बोटं मोडली आणि खुर्ची पुढे ओढली. "चल खारू, लाव! पहिला डाव बाबांचा!"

आणि लागला हो! मोठ्या पडद्यावर ते टेबल आलं, ती मुलगी आली, डब्यातले स्क्रू असे चकाकत होते की उचलून घ्यावेत. सांगायलाच हवं, लॅपटॉपपेक्षा कितीतरी सुंदर दिसत होतं. खारू त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. ती पडद्याकडे बघत नव्हती, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

टेबलाखालून हात बाहेर आले. खाली अक्षरं उमटली, चार नंबरचा पाना दे.

भावाने पाना दिला नाही. त्याने त्या छोट्या मुलीला जागच्या जागी गरगर फिरवलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मला वाटलं पाना शोधतोय.

"काय करतोयस?" मी म्हटलं.

"अडकतंय का बघतोय." त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यात होती. तिथे त्याने काहीतरी दाबून हिरवे आकडे आणले होते. दर सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात ते दाखवणारे. "बघ, बघ! एकशे चव्वेचाळीस! हलतच नाही आकडा!" मग गेम थांबवून तो सेटिंगमध्ये शिरला, सावल्या होत्या त्याहून गडद केल्या आणि परत येऊन मुलीला पुन्हा गरगर फिरवलं. हात टेबलाखालून पुढे आलेले, तसेच. चार नंबरचा पाना दे. चार नंबरचा पाना दे. "सावल्या फुल केल्या तरी एकशे चव्वेचाळीस! काय म्हणालो होतो मी?"

पाच-सात मिनिटं हे चाललं. पाना काही त्याने दिला नाही. मग घड्याळ बघून त्याने गेम बंद केला आणि खुर्ची मागे वळवली.

"कसा वाटला?" खारूने विचारलं.

"लोणी! एक झटका नाही. फार छान केलंयस."

"आणि ते हात?"

"कुठले हात?"

मी तोंड उघडलं. अंगठ्यापासून सुरुवात करून त्याच्या सगळ्या आयुष्याचा उद्धार करणार होते मी. खारूने माझा दंड धरला, चांगलाच घट्ट.

"काही नाही बाबा," ती म्हणाली. "मुलीसमोर दोन हात येतात ना, त्यांच्या सावल्या नीट पडत होत्या का?"

"हां, सावल्या!" तो खुलला. "एकदम झकास पडत होत्या."

"मग झालं तर."

ती त्याच्या पाया पडली नाही की गळ्यात पडली नाही. आईला मिठी मारली, पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागली. मी तिच्या मागोमाग. त्या घरात मी आणखी क्षणभर थांबले असते तर पेटी खिडकीतून खाली आली असती, आणि तिच्यामागून तिचा मालक.

आम्ही फाटकापर्यंत पोचलो तोच तो वर गॅलरीत आला. कठड्यावरून अर्धा बाहेर वाकून ओरडला, "पोचलीस की कळव गं! आणि कुणाच्या मशीनवर अडकला तर सरळ माझा नंबर दे! मी सांगतो त्यांना काय करायचं ते!"

एवढं खूश मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पोरीच्या कामाला आपण हातभार लावला असं त्या मूर्खाला मनापासून वाटत होतं.

खारूने वर बघून हात हलवला. दुसऱ्या हाताने ती डोळे पुसत होती. वरून ते सहज दिसण्यासारखं होतं, पण बघणारा माझा भाऊ होता.