बाहेरून कुलूप

घराबाहेर पडताना जानकी उंबऱ्यात उभी राहून आत हाक मारायची, "ओ, मी आत्ता येतंय हां!" मग दार ओढून घ्यायची, कडीला कुलूप घालायची आणि जिना उतरायची. आत कोणी नसायचं. तिचा नवरा लवू गेला त्याला एक पावसाळा उलटून गेला होता, पण त्याच्या चपला अजून दाराशीच होत्या.

मुलुंडच्या त्या बिल्डिंगला याचं कोण कौतुक! समोरची अक्षता तर येईल-जाईल त्याला सांगायची, "जानकीकाकूंकडून शिका. एकटी बाई दिसली की चोर टपूनच असतात. पुरुषाच्या चपला दिसल्या, आत मारलेली हाक ऐकू आली, की कोण कशाला फिरकतंय?" जानकी ऐकून घ्यायची. चोरबीर तिच्या डोक्यातही नव्हते. पण तसं सांगायचं तर बोलावं लागतं, आणि बोलायचाच तिला कंटाळा आला होता. लवूचं तेरावं झालं तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. भूक नाही, रडू नाही. लोक म्हणाले, बाई धीराची. धीर कसला डोंबलाचा!

एवढंच हवं होतं तिला, की याच घरात राहू द्यावं. मुलगा सर्वेश अंधेरीला होता. त्याने बजावून ठेवलं होतं, "आई, तू म्हणतेस म्हणून इथे राहू देतोय. पण एकदा जरी काही झालं ना, तर घर भाड्याने आणि तू माझ्याकडे. मग मी ऐकणार नाही."

आणि झालंच. भर दुपारी ती भाजी घेऊन परतली तर कोयंडा उचकटलेला, कपाट उपसलेलं. चोराच्या हाती लागलं काय, तर चांदीचं निरांजन आणि मिक्सर. जानकी पसाऱ्याकडे बघत राहिली. मग तिने भाजी फ्रीजमध्ये ठेवली.

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला अक्षताने काकूंची ती युक्ती सांगितली, चपलांची आणि हाकेची. तो हसला.

"मावशी, आत माणूस आहे असं दाखवायला हाक मारता, आणि वर बाहेरून कुलूप घालता? चोर काय आंधळा आहे का?"

अक्षताचा चेहरा पडला. एवढ्या महिन्यांत बिल्डिंगमधल्या एकाही शहाण्याच्या हे लक्षात आलं नव्हतं.

"आमचे हे घरातून निघून जायचे," जानकी म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही. एकदा भांडुपला सापडले, अनवाणी. म्हणून कुलूप घालायला लागले. मी दिसले नाही की घाबरायचे, म्हणून सांगून जायचे. तीच सवय राहिली."

दूधवाला आज आला नाही, असं सांगावं तशा आवाजात ती हे सांगत होती. हवालदाराने मान खाली घालून पंचनामा लिहायला घेतला.

सर्वेश आला. रागावला नाही. त्याने सुतार बोलावून नवा कोयंडा बसवून घेतला आणि आईची बॅग भरली. चोरी झाली होती, बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंधेरी तर अंधेरी.

"चल आई, रिक्षा खाली उभी आहे."

ती उंबऱ्याबाहेर आली. सवयीने मागे वळून तिने तोंड उघडलं, "ओ, मी आत्ता..."

पुढचं येईना. सर्वेश कुलूप हातात धरून थांबला होता. जानकीने ते त्याच्याकडून काढून घेतलं, आणि तिथेच दाराशी, लवूच्या चपलांशेजारी ती मटकन बसली. इतक्या दिवसांचं रडू आलं, ते आवरेना.

"आई, अगं काय झालं?"

"मी नाय येवचंय," ती म्हणाली. "आत्ता येतंय म्हणान सांगायचा आनि येवचा नाय, असा मी तेंका कधी केलंय नाय."

सर्वेशने बॅग पुन्हा आत नेऊन ठेवली. मग रिक्षावाल्याला जा म्हणून सांगायला तो खाली उतरला.