गाण्याखालचं खोटं

लॉकडाऊन लागल्यापासून धाकटी सून घरच्या ग्रुपवर रोज एक आवडतं रॉक गाणं टाकते आणि खाली आठवण लिहिते. आज लिहिलं, ‘लग्नानंतर वर्षभर या घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. हेच गाणं सोबतीला होतं.’ मी अक्षरावर बोट ठेवून वाचलं. खाली माझ्याच सख्ख्या बहिणीनं रडका चेहरा टाकलेला!

मी तडक स्वयंपाकघरात गेले. “खोटारडे, दिवसभर तोंड कुणाचं चालायचं?”

“तुमचंच, आई. ते ऐकू येऊ नये म्हणून तर हे गाणं लावायचे.”

“मग तसं लिही! सासू जहाल होती म्हण, पण मला मुकी ठरवू नकोस.”

तिनं माझ्यासमोर तसंच लिहिलं. बहिणीनं लगेच खदाखदा हसणारा चेहरा टाकला. आता तिला फोन लावते.