ज्यूरीच्या खोलीतला विस्तव

"ए, टोपी काढ! कोर्टात बसलायस, गोठ्यात नाही," पट्टेवाला ज्यूबल खेकसला.

ज्यूरीच्या बाकावर टोकाला बसलेला असाहेल वॅडली हलला नाही. न्यायाधीश प्रुइटनी मान वर केली, आणि तो चेहरा ओळखला.

"राहू दे रे, गारठा आहे," ते घाईने म्हणाले.

"नको साहेब. कायदा म्हणजे कायदा, तुम्हीच म्हणाला होतात." असाहेलने कानटोपी काढली. डावा कान नव्हताच. खानावळीत भरलेल्या त्या कोर्टात सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

तीन हिवाळ्यांमागे इथेच असाहेलवर घोडाचोरीचा खटला चालला होता. ज्यूरीचं एकमत होईपर्यंत त्यांना अन्न नाही, पाणी नाही, विस्तव नाही, हा जुना दंडक. मागच्या खोलीत बारा माणसं कुडकुडत होती, दोघं-तिघं अडून बसली होती. त्यांनी शेकोटी मागितली, तर प्रुइटनी दंडकावर बोट ठेवलं. दंडक कसला डोंबलाचा! नदीवरचा बर्फ फुटायच्या आत त्यांना स्वतःला पलीकडच्या गावी पोचायचं होतं. त्यांचा घोडा दाराशी खोगीर घालून उभा होता. गारठलेली माणसं 'दोषी' म्हणून मोकळी झाली. शिक्षा म्हणून असाहेलचा कान कापला तेव्हा साहेब नदीपार होते. बर्फ वितळल्यावर चोरल्याचा आळ असलेला तो घोडा रानात सापडला, झुडपात लगाम अडकून मेलेला. तेव्हापासून या गावाच्या नुसत्या नावाने प्रुइटना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आजचा खटला एका फेरीवाल्यावर, चांदीचे चमचे चोरल्याचा. साक्षी झाल्या, ज्यूरी आत गेली. प्रुइट स्वतः लाकडांची मोळी उचलून त्यांच्या मागोमाग गेले.

"अहो साहेब, दंडक!" ज्यूबल म्हणाला.

"घाल चुलीत तो दंडक."

आत शेकोटी पेटवून ते असाहेलकडे वळले. "वॅडली, मी..."

"बोलू नका साहेब," असाहेल म्हणाला. "लाकडं टाका."

दुपार कलली. ज्यूबल धावत आला. "साहेब, नदीवरचा बर्फ कडकडायला लागला, निघायला हवं! अकरा जण 'दोषी' म्हणतायत, तो कानतुट्या एकटाच अडलाय. दटावू का?"

"त्याला नाव आहे. वॅडली." प्रुइट बाहेर गेले. दाराशी उभ्या आपल्या घोड्याचा पट्टा सोडून त्यांनी खोगीर उतरवलं, आत आणून मागच्या खोलीच्या दाराशी ठेवलं, आणि टोपी काढून खोगिरावरच बसले.

आतून असाहेलचा आवाज आला, "चला मंडळी, पुन्हा पहिल्यापासून बोलू."