टीव्हीतला पूल

मालिका सुरू झाली की नावाडीआबा आणि त्यांची म्हातारी यांचं भांडण ठरलेलं. दिवसभर वल्ही मारून आबांचे खांदे भरून आलेले असायचे, पण साडेसातच्या आत स्वारी टीव्हीसमोर हजर. मालिका त्यांच्याच गावची होती ना! उन्हाळ्यात टीव्हीवाले आठ दिवस मुक्काम ठोकून गेले होते. शाळा, गिरणी, दुकान, नदीकाठ, सगळं टिपून नेलं त्यांनी. आता गाव रोज टीव्हीत दिसत होतं. दिसत होतं, पण भलतंच.

"अगं, ही गिरणीतून निघाली आणि डावीकडं वळली," आबा ओरडले. "डावीकडं उकिरडा आहे! मग ही शाळेत कशी पोचली?"

"पोचली तर पोचली. तुमच्या बापाचं काय गेलं?" म्हातारीनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"आणि सूर्य बघ. टेकडीमागं मावळतोय! जन्मात कधी तिकडं मावळलाय का? तिकडून उगवतो तो."

"शहरातली माणसं उशिरा उठतात. त्यांना काय माहीत कुठून उगवतो ते. आता गप बसा, रडायचं चाललंय तिचं."

पण कळस झाला तो पुलाचा. मालिकेतली पोरगी दुकानाच्या कोपऱ्यावरून वळायची ती थेट एका दगडी पुलावर. चांगल्या पाच कमानी, दोन्ही बाजूंना कठडा. असला पूल गावानं स्वप्नातसुद्धा पाहिला नव्हता. टीव्हीवाल्यांनी कुठल्या तरी लांबच्या गावचा उचलून इथं चिकटवला होता. पहिल्यांदा दिसला तेव्हा लोक पोट धरून हसले. चार दिवस जो तो आबांना विचारत होता, "काय आबा, आज नावेनं की पुलावरून?"

खरी गोष्ट अशी की गाव नदीच्या अलीकडं, आणि बाजार, दवाखाना, पक्की सडक सगळं पलीकडं. पावसाळ्याचे चार महिने भाजीच्या पाट्यांपासून बाळंतिणीपर्यंत सगळा भार आबांच्या एका नावेवर. पूर चढला की तीही बंद. मग तोडलेली वांगी अंगणात सडायची आणि माणसं पलीकडच्या सडकेकडं बघत बसायची.

म्हणून गावानं पुलासाठी अर्ज केला होता. त्यावर पहिला अंगठा आबांचा. म्हातारीनं तेव्हा कपाळावर हात मारला होता. "शहाणी माणसं दुसऱ्याच्या पायावर धोंडा घालतात. तुम्ही हौसेनं स्वतःच्या घालून घ्या. पूल झाल्यावर नावेत काय कोंबड्या पाळायच्या?"

आबांनी अंगठ्याची शाई धोतराला पुसली होती. गेल्या पावसाळ्यात नावेत अकरा माणसं असताना भर धारेत त्यांचा उजवा हात लाकडासारखा झाला होता. नाव गरगरली आणि नशिबानंच काठाला लागली. लोकांना वाटलं, पाण्याला ओढ फार. आबांना खरं माहीत होतं. मुलगा कारखान्यात लागलेला, मागं वल्हं धरणारं कोणी नाही. तेव्हापासून ओझं घेऊन निघताना ते आधी उजव्या हाताची मूठ उघडून-मिटून बघायचे. हे त्यांनी म्हातारीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि एके दिवशी कचेरीचं उत्तर आलं. शाळेच्या मास्तरीणबाईंनी ते नदीकाठी सगळ्यांना वाचून दाखवलं. "सदर ठिकाणी पूल अस्तित्वात असल्याचे आढळून आल्याने मागणी नामंजूर."

"कुठं आढळला?" आबांनी विचारलं. कोणाला हसावं की रडावं कळेना.

बाई तडक कचेरीत गेल्या. परत आल्या त्या लालबुंद होऊन. "साहेब म्हणतात, बाई, मी रोज साडेसातला बघतो तुमचा पूल. चांगला मजबूत आहे. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? या आणि बघा. परवा येतायत."

परवाच्या दिवशी पलीकडच्या काठावर जीप थांबली. बाईंना घेऊन आबा नाव तिकडं घेऊन गेले. वरच्या अंगाला पाऊस झालेला, पाणी गढूळ आणि जोरात. साहेब छातीशी फाइल धरून इकडंतिकडं बघत होते.

"पूल कुठंय हो?"

"आहे की," आबा शांतपणे म्हणाले. "जरा आत आहे. बसा, दाखवतो."

नाव मध्यावर आली तेव्हा आबांनी वल्ही थांबवली. "आला पूल. उतरा साहेब."

"उतरू? कुठं उतरू?"

"तुमच्या कागदात लिहिलाय तिथं."

मास्तरीणबाईंनी तोंडाला पदर लावला. आबासुद्धा हसले आणि पुन्हा वल्ही मारायला गेले, तर उजवा हात उचलेना. नाव धारेत सापडून आडवी झाली. आबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब, आता थट्टा नाही. माझा हात गेला. तुम्ही एक धरा, बाई, तुम्ही एक."

साहेबांनी उभ्या जन्मात वल्ह्याला हात लावला नव्हता. एक ओढतोय पुढं, दुसरी ढकलतेय मागं, नाव गोल फिरतेय आणि आबा ओरडतायत, "एकदम मारा! अहो, पाणी मागं लोटा, अंगावर काय घेताय!" फाइल तळाच्या पाण्यात पोहत होती. शेवटी चार शेतं खाली जाऊन नाव एकदाची गावाकडच्या काठाला चिखलात रुतली. साहेब गुडघाभर चिखलातून रांगत वर आले.

मग भिजलेली फाइल मांडीवर घेऊन, तळहाताच्या फोडांवर फुंकर मारत त्यांनी लिहिलं आणि स्वतःच मोठ्यानं वाचलं, "समक्ष पाहणी केली. पूल नाही. पूल तातडीने आवश्यक."

आबांनी डोळे पुसले. पाणी उडालं होतं म्हणाले.

"आबा, हात असा कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"वर्ष झालं. गावाला कळलं तर नावेत बसायला भितील. आणि नावेशिवाय जाणार कसे?"

साहेबांनी पलीकडं पाहिलं. जीप त्या काठावर, आणि आपण या. सुकलेल्या तोंडानं ते उठले, नाव चिखलातून ढकलली आणि मुकाट्यानं वल्ह्यापाशी जाऊन बसले. दुसरं वल्हं बाईंनी घेतलं. "तुम्ही मागं बसा," साहेब आबांना म्हणाले. "फक्त सांगत राहा."

आबा संकोचून मागच्या फळीवर बसले. सगळ्या गावाला त्यांनी नदीपार नेलं होतं, पण आज पहिल्यांदाच त्यांना कोणी तरी नेत होतं. दुखरा हात मांडीवर ठेवून ते ऐटीत ओरडले, "साहेब, डावीकडं! तुमचं डावं, टीव्हीवाल्यांचं नाही!"